तीन डब्यांचा प्रश्न

(उपनगरांतील पक्षकार्यकर्त्यांच्या मुलुंड येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज रविवार आहे आणि मध्य रेल्वेवर नेहमीप्रमाणे मेगाब्लॉक आहे. घाटकोपरचे साथी अर्धा तास उशिरा पोहोचले. अंधेरी-बोरिवलीकडचे साथी दादरला गाडी बदलून, जिना चढून-उतरून येथवर आले. आजच्या विषयाची प्रस्तावना रेल्वेनेच अशी करून ठेवली आहे. ती मी पुन्हा करीत नाही.

विषय आहे उपनगरी गाड्यांचे डबे वाढविण्याचा. कार्यक्रमपत्रिकेत तो पाहून एका तरुण साथीने मला विचारले, "आपण समाजपरिवर्तनाची भाषा बोलणारी माणसे. बाराऐवजी पंधरा डबे करा ही मागणी आपल्या व्यासपीठावर फार लहान दिसत नाही काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. गोरेगावच्या वस्त्यांतून हंडाभर पाण्यासाठी मृणालताई गोरे लढल्या. तात्त्विक ग्रंथांच्या अनुक्रमणिकेत हंडा कोठे सापडत नाही. परंतु नळाला पाणी कोणाच्या येते आणि कोणाच्या येत नाही, हे कोण ठरवितो, हा प्रश्न त्या हंड्यातूनच उपनगरांतील हजारो स्त्रियांना पहिल्यांदा पडला. गाडीच्या लांबीचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. गाडी किती लांब असावी, हा वरवर पाहता इंजिनिअरांचा प्रश्न आहे. थोडे खोलात गेले की तो सत्तेचा आणि अग्रक्रमांचा प्रश्न होतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच मुलुंडवरून. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली, तिला चार डबे होते. १९२७ साली मुख्य मार्गावर आठ डब्यांच्या गाड्या आल्या. १९६१ साली नऊ डबे झाले, १९८६ साली बारा आणि २०१२ साली पंधरा. या तीन आकड्यांकडे लक्ष द्या : १९६१, १९८६, २०१२. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला दर पंचवीस वर्षांनी तीन डबे, अशा हिशेबाने हे वाटप झालेले दिसते. तेसुद्धा घोषणेच्या दिवशी एका-दोन गाड्यांना. बारा डब्यांची पहिली गाडी १९८६ साली आली, पण मुख्य मार्गावरील सगळ्या गाड्या बारा डब्यांच्या व्हायला २०१० साल उजाडले आणि हार्बर मार्गाला २०१६ पर्यंत थांबावे लागले. एक पिढी नऊ डब्यांत उभी राहून नोकरी करून निवृत्त झाली, तेव्हा तिच्या मुलांना बारा डबे मिळाले.

तीनच डबे का वाढतात, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या लोकल गाडीत तीन डब्यांचा एक संच असतो. त्यात एक मोटरचा डबा आणि त्याला जोडलेले दोन साधे डबे. असे तीन संच जोडले की नऊ, चार जोडले की बारा आणि पाच जोडले की पंधरा डब्यांची गाडी होते. तेव्हा आपण जी मागणी करतो आहोत ती अचाट नाही. आहे त्या गाडीला आणखी एक संच जोडा, एवढेच आपण म्हणतो.

त्याने काय साधेल? गर्दीच्या वेळी एका मार्गावर सुमारे तीन मिनिटांना एक गाडी धावते. म्हणजे तासाला वीस गाड्या. बारा डब्यांच्या वीस गाड्या म्हणजे तासाला २४० डबे. याच गाड्या पंधरा डब्यांच्या केल्या तर ३०० डबे होतात. साठ डबे अधिक, म्हणजे बारा डब्यांच्या पाच गाड्या वाढल्यासारखे झाले. आणि त्यासाठी वेळापत्रकात एकही नवी गाडी घुसवावी लागली नाही, एकही नवा रूळ टाकावा लागला नाही. मुंबईत नवा रूळ टाकणे म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. कुर्ला ते ठाणे पाचवी-सहावी मार्गिका झाली, ठाणे-दिवा मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. पण कुर्ल्यापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या मार्गिकेचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत राहिले. जमीन नाही, पैसा नाही आणि रुळांलगतच्या गरिबांचे पुनर्वसन करण्याची इच्छा नाही. जेथे रुंदी वाढविता येत नाही, तेथे लांबी वाढविणे हा शहाणपणाचा मार्ग होय. हे सांगण्यासाठी परदेशी सल्लागाराची गरज नाही.

आता गर्दीचा अर्थ पाहू. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असली की तिला रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एवढ्या जागेत घरातले कपाट ठेवायचे झाले तर आपण भिंत मोजून पाहतो. माणसांच्या बाबतीत मात्र तेवढाही विचार होत नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जी जनहित याचिका आली, तिच्यात २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसे मृत्युमुखी पडल्याचा आकडा होता. म्हणजे दिवसाला सात. यांतील बरीच माणसे रूळ ओलांडताना मरतात, हे खरे. पण मोठा भाग गाडीतून पडणाऱ्यांचा आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन खचाखच भरलेल्या गाड्यांच्या दारांत लटकणारी माणसे एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. निदान चार जणांनी त्याच दिवशी प्राण गमावले. ही माणसे दारात हौसेने उभी नव्हती. आत जागा नव्हती म्हणून ती दारात होती, आणि पुढच्या गाडीतही जागा नसेल हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

दुर्घटनेनंतर साध्या गाड्यांना आपोआप मिटणारे दरवाजे बसविण्याचा निर्णय जाहीर झाला. दरवाज्याला आपला विरोध नाही. परंतु डबे न वाढविता दार मिटविले तर काय होईल, याचा विचार करा. आज जो दारात लटकतो तो उद्या फलाटावर राहील. त्याचा जीव वाचेल, ही मोठीच गोष्ट. पण त्याचा खाडा होईल, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. दाराचा प्रश्न अखेर गाडीच्या लांबीपाशीच येऊन थांबतो.

आपल्या चार स्थानकांपैकी अंधेरी आणि बोरिवली पश्चिम रेल्वेवर आहेत, घाटकोपर आणि मुलुंड मध्य रेल्वेवर. दोन्ही रेल्वे एकाच मंत्रालयाच्या आहेत. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची पहिली गाडी नोव्हेंबर २००९ मध्ये धावली. जून २०२१ पासून अंधेरी ते विरार या पट्ट्यात धिम्या मार्गावरही पंधरा डबे सुरू झाले. त्यासाठी चौदा स्थानकांचे फलाट आणि त्यांच्याशी संबंधित कामे करण्यात आली. खर्च आला साठ कोटी रुपयांच्या आसपास. त्यावेळी पंधरा डब्यांच्या फेऱ्या ५४ वरून ७९ झाल्या आणि २०२४ अखेर त्या दोनशेच्या पुढे गेल्या. मध्य रेल्वेचे काय? २०१२ साली गाजावाजा करून पंधरा डबे आणले. २०२४ मध्ये, बारा वर्षांनंतर, दिवसाच्या अठराशेच्या आसपास फेऱ्यांपैकी पंधरा डब्यांच्या फेऱ्या होत्या बावीस. त्याही जलद मार्गावर. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर येथे धिमी गाडीच थांबते. तेथील प्रवाशाच्या दृष्टीने पंधरा डब्यांची गाडी ही समोरून धुरळा उडवीत जाणारी वस्तू आहे.

अंधेरीच्या साथींनीही फार समाधान मानण्याचे कारण नाही. धिम्या मार्गावरचे पंधरा डबे अंधेरीहून विरारकडे आहेत. अंधेरीच्या दक्षिणेस चर्चगेटपर्यंत धिम्या मार्गाचे फलाट आखूडच राहिले. विलेपार्ले आणि खार रोडचा प्रवासी या बाबतीत कांजूरमार्गच्या प्रवाशाचाच भाऊ आहे.

अधिकाऱ्यांना विचारले तर ते अडचणींची यादी देतात. ती यादी खोटी नाही, आणि आपण ती नीट अभ्यासली पाहिजे. तीन डबे म्हणजे सुमारे साठ-पासष्ट मीटर. एवढा फलाट वाढवायचा तर त्याच्या टोकाला कोठे रुळांचे सांधे असतात, कोठे पुलाचे खांब, कोठे सिग्नल, कोठे नाला. सांधे हलविले की सिग्नलची सगळी व्यवस्था बदलावी लागते. रात्री गाड्या उभ्या करण्याच्या मार्गिका लांबवाव्या लागतात, कारशेडमधील दुरुस्तीच्या जागा लांबवाव्या लागतात. पूर्वी १,५०० व्होल्टच्या वीजपुरवठ्याची अडचण सांगितली जाई. २०१६ पर्यंत सर्व मार्गांवर २५,००० व्होल्टचा पुरवठा आला आणि ती सबब संपली. उरलेल्या अडचणी रूळ, माती आणि सिमेंट यांच्या आहेत. अंधेरी-विरार पट्ट्यात त्या नव्हत्या काय? तेथे त्या सुटल्या, कारण त्या सोडविण्याचे ठरले.

आणखी एक उदाहरण पाहा. जून २०२४ च्या आरंभी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दीड दिवसाचा विशेष ब्लॉक घेण्यात आला. कशासाठी? फलाट क्रमांक १० आणि ११ यांची लांबी वाढवून तेथे चोवीस डब्यांच्या मेल-एक्स्प्रेस गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून. मेलने जाणारा प्रवासीही आपलाच आहे. कोकणात, विदर्भात, उत्तरेकडे जाणारा मजूर त्याच गाडीत असतो. त्याला डबे मिळाले याचा आपल्याला आनंदच आहे. पण ज्या टर्मिनसमध्ये चोवीस डब्यांसाठी फलाट लांबविता येतो, त्याच टर्मिनसमध्ये लोकलच्या पंधरा डब्यांना जागा नाही असे आम्हांला सांगण्यात येते तेव्हा मनुष्याला शंका येणारच.

ही शंका दृढ करणारे उदाहरण अंधेरी आणि घाटकोपर यांना जोडणाऱ्या मेट्रोचे आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ती खासगी भागीदारीतून बांधली. कंपनीत ७४ टक्के वाटा खासगी उद्योगसमूहाचा आणि २६ टक्के मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. तिचे फलाट सहा डब्यांच्या गाडीला पुरतील असे बांधलेले आहेत. गाडी मात्र चार डब्यांची आणली. सकाळी घाटकोपरला आणि संध्याकाळी अंधेरीला या मेट्रोच्या जिन्यावर जी रांग लागते तिच्यात तुमच्यापैकी अनेकांनी तपश्चर्या केली आहे. पण २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत चारचे सहा डबे झाले नाहीत. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी वाटा विकत घेण्यास मान्यता दिली आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घेतला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा. मध्य रेल्वेवर सांगण्यात येते, फलाट आखूड आहे म्हणून गाडी लांब करता येत नाही. मेट्रोवर फलाट लांब आहे आणि तरीही गाडी आखूडच आहे. म्हणजे अडले होते ते फलाटापाशी नव्हे. डब्याचा खर्च कोणी करायचा आणि त्यात प्रवास करणाऱ्या माणसाची किंमत किती धरायची, या प्रश्नापाशी अडले आहे. खासगी कंपनी नफ्याच्या हिशेबात डबा बसविते आणि तो बसत नसेल तर आणीत नाही. सरकारी रेल्वे अग्रक्रमाच्या हिशेबात डबा बसविते, आणि तो अग्रक्रम ठरविणाऱ्या खोलीत लोकलचा प्रवासी कधी नसतो. पहिल्या व्यवस्थेला आपण नफेखोरी म्हणतो. दुसरीलाही नाव शोधावे लागेल, कारण ती आपल्या करांच्या पैशावर चालते.

पैसा नाही असे म्हणणाऱ्यांना आपण आकडे द्यावेत. मरीन ड्राइव्ह ते वरळी या किनारी रस्त्याला तेरा हजार कोटींहून अधिक खर्च झाला. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. तो मोटारवाल्यांचा रस्ता आहे. अंधेरी-विरारच्या चौदा स्थानकांच्या कामाला साठ कोटी लागले. त्यात नव्या डब्यांची किंमत धरलेली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ती धरली तरी तुलनेचा अर्थ बदलत नाही. कोविडपूर्वी या उपनगरी रेल्वेने दररोज सुमारे पाऊण कोटी माणसे प्रवास करीत. एवढ्या माणसांचा प्रश्न साठ कोटींच्या ओळीत आणि मूठभर मोटारवाल्यांचा प्रश्न तेरा हजार कोटींच्या ओळीत, असा हा अर्थसंकल्प आहे.

"रेल्वे केंद्राची, आम्ही काय करणार?" असे राज्यातले मंत्री म्हणतात. हे उत्तर स्वीकारू नका. उपनगरी रेल्वेच्या विकासासाठी १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यात ५१ टक्के वाटा रेल्वे मंत्रालयाचा आणि ४९ टक्के वाटा महाराष्ट्र शासनाचा आहे. जवळजवळ अर्ध्या घराचा मालक "घर माझे नाही" असे म्हणू लागला तर त्याला भाडेकरूंनी जाब विचारलाच पाहिजे.

आता वर्गाचा प्रश्न. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल निघाली. मुंबईच्या उकाड्यात गार हवा मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही. श्रमिकाला घामच शोभतो, असले तत्त्वज्ञान आपले नव्हे. आक्षेप आहे तो दुसराच. रुळावर जागा मर्यादित असल्यामुळे वातानुकूलित फेरी पुष्कळदा साधी फेरी काढून तिच्या जागी घातली जाते. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे पाच रुपये. वातानुकूलित गाडीचे भाडे मे २०२२ मध्ये निम्म्यावर आणल्यानंतरही तिचे किमान तिकीट ३५ रुपयांचे राहिले. सातपट दराची गाडी ज्या वेळेला येते, त्या वेळेची साधी गाडी गमावलेला प्रवासी मागच्या गाडीत चढतो आणि ती गाडी अधिक फुगते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथील प्रवाशांनी याच कारणासाठी आंदोलन केले, आणि मध्य रेल्वेला नव्याने घातलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोक जागे झाले की वेळापत्रक बदलते, याचा हा अलीकडचा दाखला.

या बाबतीत आपल्या चळवळीला एक परंपरा आहे. साथी मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी पहिला विचार केला तो दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांचा. त्या बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. त्याच वर्षी हावडा-मुंबई मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती एकाच वर्गाची गाडी म्हणून. पहिल्या वर्गाच्या सुखसोयी काढून घेण्याची भाषा नानांनी केली नाही. दुसऱ्या वर्गाला माणसाची प्रतिष्ठा द्या, एवढेच त्यांचे सूत्र होते. हेच सूत्र आज लोकलला लावायचे तर असे म्हणावे लागेल : वातानुकूलित गाड्या जरूर आणा, पण साध्या दरात आणा, आणि ते होईपर्यंत एकही साधी फेरी कमी करू नका. पंधरा डब्यांची गाडी साध्या प्रवाशासाठी वाढली पाहिजे. एका हाताने तीन डबे देऊन दुसऱ्या हाताने फेरी काढून घेतली तर ते देणे नव्हे.

आपल्या मागणीवर काही आक्षेप घेतले जातील. त्यांतला एक मला गंभीर वाटतो आणि तो आपणच आधी मांडावा. पंधरा डब्यांची गाडी रिकामी होते तेव्हा बारा डब्यांच्या गाडीच्या सव्वापट माणसे एकाच वेळी फलाटावर उतरतात. जिना मात्र तोच, जुना आणि अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, आजच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मरण पावली. ती गाडीतून पडली नव्हती. गाडीतून सुखरूप उतरली होती. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीला गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. तेव्हा गाडी लांब करा, एवढेच म्हणून थांबणारी मागणी अपुरी आहे. फलाटाच्या नव्या टोकाला नवा जिना आणि नवा पूल असला पाहिजे. तसे न केल्यास गर्दी दारातून निघून जिन्यावर जाईल, आणि मृत्यूचे ठिकाण तेवढे बदलेल. मेट्रोमुळे दुहेरी गर्दीचा भार सोसणाऱ्या घाटकोपरच्या साथींना हे मी अधिक काय सांगू?

दुसरा आक्षेप असा की, डबे कितीही वाढविले तरी ते भरतातच. मग उपयोग काय? हा आक्षेप घेणाऱ्याला विचारा, ते का भरतात? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडले. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि तेथल्या कामगारांची मुले नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूरकडे गेली. आपल्या लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखानेही एकेक करून बंद पडले आणि त्या जागी इमारती व मॉल आले. काम एकीकडे आणि परवडणारे घर दुसरीकडे, अशी या शहराची फाळणी झाली आहे, आणि त्या फाळणीचा रोजचा कर प्रवासी आपल्या शरीराने भरतो. म्हणून घर आणि रोजगार यांचा प्रश्न सोडविल्याखेरीज गर्दी संपणार नाही, हे आपण मान्य करू. पण घराचा प्रश्न सुटेपर्यंत माणसाने लटकतच जावे, असे म्हणणारा मनुष्य स्वतः लोकलने जात नाही, एवढे निश्चित. कार्यालयांच्या वेळा बदला, असे आवाहन मध्य रेल्वेनेच केले आहे. कोणी बदलत असेल तर चांगलेच. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईला, रुग्णालयातल्या परिचारिकेला, मालडब्यातून टोपल्या नेणाऱ्या कोळिणीला वेळ बदलून देणारा मालक मला अजून भेटायचा आहे.

आता मी ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः येथे उभा आहे तो सांगतो. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांनी टर्मिनसवर आंदोलन केले. संध्याकाळच्या ऐन गर्दीत गाड्या थांबल्या. खोळंबलेले प्रवासी रुळांवरून चालू लागले, आणि त्यांतील काहींना सँडहर्स्ट रोडजवळ गाडीखाली प्राण गमवावे लागले. त्या रात्री लोक रेल्वे कामगारांना शिव्या देत होते आणि कामगार म्हणत होते की, वरिष्ठांच्या निर्णयाचा बळी आम्ही का व्हावे? साथींनो, ही घटना आपल्यासाठी फार अस्वस्थ करणारी आहे. आपण जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील १९७४ च्या रेल्वे संपाचा वारसा सांगतो. संप करण्याच्या हक्कावर आपण कधी पाणी सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पण गर्दीच्या वेळी अचानक गाड्या थांबविल्या की त्याचा फटका मंत्र्याला बसत नाही. तो फलाटावरच्या कामगारालाच बसतो. हे आपल्या कामगार संघटनांतील मित्रांना सांगण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे. आणि प्रवाशांनाही सांगितले पाहिजे की, मोटरमनवर उगारलेला दगड चुकीच्या माणसावर उगारलेला आहे. जेथे रूळ आणि डबे दोन्ही अपुरे आहेत तेथे दोषी शोधताना सर्वांत खालच्या पायरीवर थांबायचे, ही व्यवस्थेची जुनी खोड आहे. कामगार आणि प्रवासी परस्परांचे वैरी झाले की डबे न वाढविणारा सुखाने झोपतो.

तेव्हा कार्य काय करावयाचे? नुसता रेल रोको हा मार्ग मला पसंत नाही. त्याने एक दिवस बातमी होते आणि दुसऱ्या दिवशी आपल्यांवरच खटले भरले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रवासी संघटनांच्या हाकेवरून अनेकांनी पांढरे कपडे आणि काळ्या फिती लावून प्रवास केला. कोणाचाही खाडा न होता निषेध झाला. त्या मार्गाने जाऊन, त्याला अभ्यासाची जोड दिली पाहिजे. प्रत्येक स्थानकाच्या शाखेने आपल्या स्थानकाचे मोजमाप करावे : प्रत्येक फलाटाला आणखी किती मीटर हवेत, टोकाला अडथळा कोणता, जिन्यांची रुंदी किती. सकाळी आठ ते दहा या वेळेत प्रत्येक गाडीमागे किती माणसे फलाटावर राहतात, किती स्त्रियांना आपल्या डब्यात पाय ठेवता येत नाही, हे आठवडाभर मोजावे. हे सारे फलाटावर तिकीट किंवा पास घेऊन, कोणाच्या कामात अडथळा न आणता करता येते.

त्या आकड्यांच्या आधारे चार मागण्या मांडाव्यात. मध्य रेल्वेच्या धिम्या मार्गावर कल्याणपर्यंत आणि पश्चिम रेल्वेच्या धिम्या मार्गावर चर्चगेटपर्यंत पंधरा डबे, तेही स्थानकवार तारखांसह. फलाट लांबेल तेथे त्याच कामात नवा जिना व पूल. साधी फेरी काढून महाग फेरी न घालण्याचे लेखी आश्वासन. आणि रेल्वे विकास महामंडळाच्या निर्णयांत प्रवासी आणि रेल्वे कामगार या दोहोंचे प्रतिनिधी. शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे, म्हणून ती सोडू नये.

तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा देण्याची रीत या गाडीतल्या माणसांनीच पाडली. चौथी सीट कोणत्याही नियमपुस्तकात नाही. कायद्याने सांगितले नव्हते आणि कोणी भाषणही केले नव्हते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला उभे राहावे लागू नये, एवढे त्यांना समजत होते. सरकण्यासारखे होते तेवढे प्रवासी सरकले आहेत. आता सरकण्याची पाळी सरकारची आहे.

पुढच्या रविवारपासून घाटकोपर आणि मुलुंड या दोन स्थानकांवर मोजमापाला आरंभ करू; गर्दीची मोजणी सोमवारी सकाळपासून. अंधेरी आणि बोरिवलीच्या शाखांनी आपल्या तारखा आजच कळवाव्यात. मोजणीचे तक्ते सभागृहाच्या दाराशी ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने एक घेऊन जावा, आणि परतीची गाडी पकडताना फलाटाच्या टोकापर्यंत एकदा चालून पाहावे.